दांडा कोणी फिरवायचा?

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कोणत्या विषयांवर लिहावे, याचा एक अलिखित नियमच होऊन बसला आहे. मराठवाड्याचा अनुशेष, दुष्काळ, हुंडा, बेकारी, आजचा तरुण कोठे चालला आहे, संतांची शिकवण, गुरुजनांविषयी कृतज्ञता. हे सर्व विषय मोठे आहेत आणि त्यांवर लिहिलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या घरातून आपण रोज कॉलेजला येतो, त्या घरातले स्वयंपाकघर मात्र या पानांवर सहसा येत नाही. आलेच तर ते कवितेतून येते, 'आईच्या हातची भाकरी' म्हणून. त्या भाकरीबरोबरच्या कोरड्याशात घातलेले दाण्याचे कूट कोणी केले, कशावर केले आणि त्यासाठी रोज किती वेळ गेला, याचा हिशोब कोणी मांडत नाही. तो मांडण्याचा येथे प्रयत्न करीत आहे. माझा विषय आहे हाताने फिरवायची किसणी.

विषय ऐकून आमच्या वर्गातील काहीजण हसले. एकाने तर "पुढच्या वर्षी लाटण्यावर लिही" असा सल्लाही देऊन टाकला. त्याचे आभार. लाटण्यावरही लिहिता येईल, कारण लाटणे असो की किसणी, मूळ प्रश्न एकच आहे आणि तो या लेखाच्या शीर्षकात आहे.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल (आणि मुलांपैकी अनेकांनी ती घरात असूनही पाहिली नसेल), त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. आपली नेहमीची किसणी सपाट असते. ही किसणी नळकांड्यासारखी गोल असते. पत्र्याच्या त्या नळकांड्याला सगळीकडून दाते असतात, ते एका डब्यात आडवे बसवलेले असते आणि त्याच्या एका टोकाला दांडा असतो. वरच्या तोंडातून भाजलेले दाणे किंवा खोबऱ्याचा तुकडा टाकायचा, दट्ट्याने दाबून धरायचा आणि दांडा फिरवायचा. खाली ताटात कूट पडते. काही किसण्या टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवाव्या लागतात, तर काहींच्या बुडाशी रबराची वाटी असते, ती ओट्याला चिकटते. बारीक दात्यांचे, जाड दात्यांचे आणि काप काढायचे अशी दोन-तीन नळकांडी सोबत मिळतात. आमच्या गावात हिला 'कुटाची मिशिन' म्हणतात. माझ्या आईने ती येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत, बरीच घासाघीस करून, साडेतीनशे रुपयांना घेतली.

वस्तू साधी आहे, परंतु तिच्यात विचार आहे. शाळेत आपण 'साधी यंत्रे' हा धडा शिकलो. त्यात चाक आणि आस यांची आकृती होती. ती पाठ करून आपण दोन गुण मिळवले आणि विसरून गेलो. ही किसणी म्हणजे तीच आकृती आहे. नळकांड्याच्या त्रिज्येपेक्षा दांडा लांब असल्यामुळे हाताला कमी जोर लावावा लागतो. सपाट किसणीवर आपण खोबऱ्याची वाटी खाली घासतो तेव्हा कीस पडतो आणि वर नेतो तेव्हा जवळजवळ काहीच पडत नाही. म्हणजे निम्मी हालचाल फुकट जाते. गोल किसणीत हात एकाच दिशेने फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात काम होते. शिवाय वाटीचा शेवटचा तुकडा उरतो तेव्हा सपाट किसणीवर खोबऱ्याबरोबर बोटाचे कातडेही किसले जाते. ज्यांनी दिवाळीच्या करंज्यांसाठी किलोभर खोबरे किसले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. दट्ट्या असल्यामुळे या किसणीत बोटे दात्यांपर्यंत जातच नाहीत.

आता आपल्या भागात हिचे एवढे महत्त्व का, ते पाहू. धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही घरात स्वयंपाकाला बसले की पहिला हात मिठाकडे आणि दुसरा कुटाच्या डब्याकडे जातो. वांग्याच्या भाजीत कूट, मेथीच्या भाजीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, आमटी पातळ झाली तर तिला दाटपणा आणायला कूट. चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत कूट. नवरात्रात तर विचारायलाच नको. तुळजापूरची आई आपल्या जिल्ह्यात असल्यामुळे नऊ दिवस घरोघर उपवास असतात आणि भगरीबरोबर दाण्याची आमटी असतेच असते. काळ्या मसाल्याला आणि येसराला सुके खोबरे लागते. म्हणजे इतर ठिकाणी किसणी ही कधीतरी लागणारी वस्तू असेल, आपल्याकडे ती रोजची आहे. शेतात सोयाबीन आल्यापासून घरच्या शेंगा कमी झाल्या आणि दाणे दुकानातून आणावे लागतात, हे खरे. परंतु दाणे विकतचे झाले तरी कूट घरातच करावे लागते.

पूर्वी हे कूट उखळात किंवा खलबत्त्यात होई. खलबत्त्यात दाणे उडतात, आवाज होतो आणि थोडेथोडेच करावे लागते. गोल किसणीत वाटीभर दाण्यांचे कूट दोन-तीन मिनिटांत होते आणि ते मोकळे होते. मिक्सरमध्ये दाणे जरा जास्त फिरले की तेल सुटून त्याचा गोळा होतो. किसणीत पाते गरगर फिरत नाही, दाणा कापला जातो, म्हणून कूट कोरडे राहते आणि डब्यात घालून ठेवता येते. आमच्या घरी भाजीतले कूट पाहून आज ते किसणीचे आहे की मिक्सरचे, हे आजी ओळखते.

एवढी स्तुती केल्यावर दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. ही किसणी ओले वाटण करू शकत नाही. लसूण, ओली मिरची, कोथिंबीर तिच्यात घातली तर दात्यांत अडकून बसते. ओले खोबरे चिकटते. दात्यांमध्ये अडकलेला कीस ब्रशने काढावा लागतो. ती लगेच धुतली नाही तर दुसऱ्या दिवशी नखाने कोरत बसावे लागते. आणि सर्वांत मोठा दोष असा, की ती ज्याने तयार केली त्याच्या डोळ्यांसमोर गुळगुळीत ओट्याचे स्वयंपाकघर होते. रबराची वाटी गुळगुळीत पृष्ठभागालाच चिकटते. आमच्यासारख्यांच्या घरी खाली शहाबादी फरशी असते आणि स्वयंपाक बसून होतो. खडबडीत फरशीवर वाटीखाली हवा शिरते आणि दांड्याबरोबर सगळी किसणीच फिरू लागते. आईने त्यावर उपाय शोधला. घर बांधताना कोणाकडून तरी आणलेला चकचकीत फरशीचा एक तुकडा ती खाली ठेवते, रबर ओले करते आणि तुकड्यावर पाय ठेवून किसणी फिरवते. हा उपाय कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नाही. खेड्यातल्या बाईच्या हाती कोणतेही यंत्र आले, की ते आधी तिला आपल्या घराच्या मापाचे करून घ्यावे लागते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की मिक्सर असताना हे कशाला? मी मिक्सरची शत्रू नाही. ओल्या वाटणाला मिक्सरसारखी दुसरी सोय नाही. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने भारतीय स्वयंपाकाला झेपेल असा 'सुमीत' मिक्सर तयार केला, कारण त्यांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर आपल्या मसाल्यांपुढे टिकला नव्हता. त्या एका यंत्राने या देशातील लक्षावधी स्त्रियांना पाट्यावरून उठवले. त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. काहीजण हातकिसणीच्या बाजूने विजेच्या बचतीचा मुद्दा मांडतात. तो मला पटत नाही. साधा हिशोब करून पाहा. ७५० वॅटचा मिक्सर दोन मिनिटे चालवला तर एका युनिटचा चाळिसावा भाग वीज लागते. म्हणजे चाळीस वेळा कूट केले तेव्हा कोठे एक युनिट होते. एवढ्यासाठी कोणाचे बिल फुगत नाही. परंतु वीज स्वस्त असणे वेगळे आणि वेळेवर असणे वेगळे. सकाळी सहाच्या एस.टी.साठी डबा करायचा असतो आणि नेमकी रात्रीच्या वाऱ्याने तार तुटलेली असते, तेव्हा तो चाळिसावा भागही मिळत नाही. आई सांगते, की भारनियमनाच्या वर्षांत मिक्सर घरात असूनही खलबत्ता कधी माळ्यावर गेला नाही. किसणीला कोणाची वाट पाहावी लागत नाही, एवढाच तिचा मोठेपणा आहे आणि तो पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो, आणि तो बहुधा आपल्यासारख्या वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांकडूनच येतो. त्यांना यंत्र नको असते. 'पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही', 'जाते गेले आणि ओवी गेली', असे ते म्हणतात. चवीबद्दल मी वाद घालणार नाही. पाट्यावरची चटणी चांगलीच लागते. परंतु ती चांगली लागते असे म्हणणाऱ्या किती जणांनी ती स्वतः वाटली आहे, एवढेच मला विचारायचे आहे. चव एकाच्या जिभेला आणि कळ दुसऱ्याच्या खांद्याला, अशी ही वाटणी आहे.

ओवीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जात्यावरच्या ओव्या हे मराठीचे धन आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या ग्रंथात त्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळवून नोंदवल्या. एक लाख! ही संख्या वाचली तेव्हा मला अभिमान वाटला आणि पाठोपाठ दुसराही विचार आला. एवढ्या ओव्या होण्यासाठी किती पहाटे, किती पायल्या धान्य दळावे लागले असेल? ओवी दगडातून निघालेली नाही. ती बाईतून निघाली आहे. दळण जड होते, पहाट अंधारी होती आणि मनातले सांगायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून ती जात्याशी बोलली. ओवीचा सन्मान करायचा तर ती ज्या बाईने म्हटली तिला उसंत मिळाली पाहिजे. जाते परत आणून तो सन्मान होणार नाही. माझ्या आजीला पन्नासेक ओव्या येतात. ती आजही म्हणते, परंतु कोपर दुखते म्हणून हात गुडघ्यावर ठेवून म्हणते. "जात्यावर पुन्हा बसशील का?" असे मी तिला एकदा विचारले. ती म्हणाली, "गाणं म्हणायला सांग, कितीबी म्हन्ते. दळायचं नाव काढू नगंस." लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी हे वाक्यही कोठेतरी नोंदवून ठेवावे, असे मला वाटते.

म्हणजे मी पाट्याच्या बाजूची नाही आणि केवळ मिक्सरच्याही बाजूची नाही. मी या मधल्या, दांड्याच्या यंत्राची बाजू घेते. परंतु येथपर्यंत फक्त सोयीची चर्चा झाली. खरा प्रश्न पुढे आहे.

हाताने फिरवायच्या यंत्रांचा इतिहास पाहताना मला फ्रान्समधील एक गोष्ट वाचायला मिळाली. झाँ मांतले नावाच्या गृहस्थाने १९३२ साली भाज्यांचा लगदा करणारे, दांडा फिरवून चालवायचे एक यंत्र काढले. बायकोने केलेल्या बटाट्याच्या लगद्यात गुठळ्या राहत, म्हणून त्याला हे सुचले अशी कथा सांगतात. यंत्र धडाक्याने खपले. त्यातून पुढे 'मुलिनेक्स' ही मोठी कंपनी उभी राहिली आणि 'मुलिनेक्स स्त्रीला मुक्त करते' अशा अर्थाची तिची जाहिरात फ्रान्सभर गाजली. ती कंपनी २००१ मध्ये बुडाली. आता मुंबईचे माथुर आणि फ्रान्सचे मांतले यांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोघेही हुशार, दोघांनाही पत्नीची अडचण दिसली, हा त्यांचा मोठेपणाच. अनेकांना तीही दिसत नाही. तरीही एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. पत्नीच्या जागी बसून आज आपण वाटावे, यापेक्षा एक नवे यंत्र शोधून काढणे पुरुषाला सोपे वाटले!

यंत्राने काम हलके होते, यात शंका नाही. परंतु काम हलके होणे आणि काम वाटले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एका ग्रंथात हेच दाखवून दिले. अमेरिकेतल्या घरांत एकामागून एक यंत्रे आली, परंतु गृहिणीचे तास काही त्या मानाने कमी झाले नाहीत. कारण पूर्वी लाकूड फोडणे, धान्य दळून आणणे अशी जी कामे पुरुष आणि मुले करीत, ती यंत्रांनी संपवली. बाईची कामे मात्र उरली आणि घराकडून अपेक्षाही वाढल्या. आपल्याकडचे पाहायचे तर २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. सहा वर्षांवरील मुली-स्त्रियांपैकी ८१.२ टक्के दिवसभरात बिनमोल घरकाम करीत होत्या आणि मुलगे-पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करीत होते त्यांचा वेळ पाहिला तर बाई दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. आपल्या कॉलेजचे तास तरी रोज एवढे होतात का?

आता कोणी म्हणेल, की स्वयंपाक हे बाईचेच काम आहे, ही रीतच आहे. या रीतीकडे जरा नीट पाहिले पाहिजे. थंडीत शेतात हुरड्याची आगटी पेटते तेव्हा कणसे भाजतो कोण आणि हातावर चोळतो कोण? पुरुष. आणि ते काम तो मोठ्या हौसेने करतो. सप्त्याच्या भंडाऱ्याला गावाचा स्वयंपाक होतो, तेव्हा कढईपुढे कोण असतो? पुरुष. लग्नातला आचारी कोण? पुरुष. तेव्हा पुरुषाच्या हाताला स्वयंपाक वर्ज्य नाही. तो उत्सवाचा असेल, चारचौघांत असेल, त्याचे कौतुक होणार असेल किंवा पैसे मिळणार असतील, तर तो पुरुषाचा आहे. जो रोजचा आहे, ज्याला कोणी 'वा' म्हणत नाही, तो बाईचा आहे. रीत आहे ती एवढीच.

आणि रीत बदलते, याचाही पुरावा आपल्या गावातच आहे. जाते होते तोपर्यंत दळण हे शंभर टक्के बाईचे काम होते. पुरुषाने जात्याला हात लावला असता तर गावाने त्याला नावे ठेवली असती. मग पिठाची गिरणी आली. दळणाचा डबा सायकलच्या मागे बांधून गिरणीवर जाणारी मुलेच दिसू लागली. आज दळण आणणे हे मुलाचे काम आहे, असे कोणालाही विचारा. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. म्हणजे एका पिढीत, कसल्याही चळवळीवाचून, दळण बाईच्या हातातून पुरुषाच्या खांद्यावर गेले. मग कूट का जाऊ नये? गिरणी घराबाहेर आहे आणि किसणी घरात आहे, याशिवाय दुसरे कारण मला तरी दिसत नाही.

आपल्या परंपरेचा आधार हवा असेल तर तोही आहे. गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळण-कांडण करीत होती. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागे, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि हात जोडतो. कीर्तनात ती ऐकताना पुरुषांच्याही डोळ्यांत पाणी येते. देवाने जात्याचा खुंटा धरला तर ते देवपण, आणि आपल्या दादाने किसणीचा दांडा धरला तर 'बायल्या'? आपल्याच जिल्ह्यात तेरला गोरोबाकाकांचे चाक पुरुषाच्या हातांनीच फिरत होते. फिरवणे हे काही बाईचे काम म्हणून जन्माला आलेले नाही.

हे सर्व मी पुस्तकातून शिकले असे कोणी समजू नये. माझ्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली आणि तिचा उजवा हात मनगटापासून सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. माझे तास सकाळचे, त्यामुळे पहाटे भाकरी आणि भाजी करून मी निघत असे. संध्याकाळच्या कोरड्याशासाठी कूट कोण करणार, असा प्रश्न आला. वडिलांनी दोन दिवस इकडे तिकडे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी ती फरशी, ती किसणी घेऊन ते स्वतःच बसले. कोणी त्यांना शिकवले नाही. शिकवण्यासारखे त्यात काही नाहीच. पहिल्या दिवशी त्यांनी दाणे गरम असतानाच घातले, कूट चिकटले. दुसऱ्या दिवसापासून ते गार होऊ देऊ लागले. सहा आठवडे आमच्या घरचे कूट वडिलांनी केले. शेजारचे काका आले तरी ते उठले नाहीत. "मिशिन भारी हाय की," एवढेच म्हणाले आणि बोलता बोलता फिरवत राहिले.

प्लास्टर निघाले त्या संध्याकाळी किसणी पुन्हा आईपुढे आली. कोणी ठेवली, ते मला माहीत नाही. कोणी काही बोलले नाही. वडील वाईट नाहीत; त्यांच्याच जोरावर मी शिकत आहे. आईनेही कुरकुर केली नाही. "पुरुष मानसाला किती दिस लावायचं," असे उलट तिनेच म्हटले. मनगट तिचे दुखत होते आणि दया वडिलांची येत होती! मला त्या दिवशी समजले, की आपल्या घरात मदत आजारपणापुरती असते. ती कामाची वाटणी नसते. मदत करणाऱ्याचे उपकार होतात आणि काम मात्र जिचे होते तिचेच राहते.

म्हणून या मधल्या यंत्राकडे मी आशेने पाहते. पाट्यावर वाटायला सवय लागते, खाली वाकून बसावे लागते. 'मला जमत नाही' म्हणायला जागा असते. विळीवर खोबरे खवायलाही कसब लागते. मिक्सरला वीज लागते. या किसणीला मात्र कसलीच सबब चालत नाही. आठ वर्षांच्या मुलाला ती फिरवता येते, सत्तर वर्षांच्या आजोबांनाही येते. माझा धाकटा भाऊ तिला खेळणे समजून फिरवतो आणि कीस पडताना पाहत बसतो. त्याला अजून कोणी सांगितलेले नाही, की हे त्याचे काम नाही. तो मोठा होईपर्यंत ते कोणी सांगू नये, यासाठी मी जागी आहे.

मुलांना माझे सांगणे असे. सुट्टीत घरी जाल तेव्हा आईला 'मदत करू का?' असे विचारू नका. विचारले तर ती नाहीच म्हणणार, तिला तसेच शिकवलेले आहे. कुटाचा डबा संपला आहे का, ते पाहा आणि संपला असेल तर भरून ठेवा. दाणे भाजा, गार होऊ द्या, फिरवा आणि किसणी धुऊन ठेवा. 'धुऊन' या शब्दाखाली संपादकांनी रेघ ओढावी, ही विनंती. शहरात खोली करून राहणारे अनेकजण स्वतः स्वयंपाक करतात, हे मला माहीत आहे. तेथे जमते ते घरच्या उंबऱ्याच्या आत का जमत नाही, एवढा विचार त्यांनी करावा.

मुलींनाही सांगायचे आहे. भावाच्या हातातून किसणी काढून घेऊ नका. 'तुला नीट येत नाही, आण इकडे' हे वाक्य आपल्या तोंडी फार लवकर येते. त्याचे कूट जाडे-भरडे झाले तर तसेच भाजीत घाला. जाड्या कुटाने कोणी आजारी पडत नाही.

आणि आमच्या गुरुजनांना नम्र विनंती, की साधी यंत्रे शिकवताना आणि ओवी शिकवताना, दोन्ही वेळी, वर्गाला एवढा एक प्रश्न विचारावा: तुमच्या घरी दांडा कोण फिरवते? उत्तर परीक्षेत लिहायचे नाही. त्याला गुणही नकोत. वर्गात क्षणभर शांतता पसरली तरी पुष्कळ झाले.